वाचून दाखवणाऱ्या काकू

“वहिनी, हिला पताशीवाल्याला ‘तिखट कमी कर’ एवढं सांगता येत नाही. ही कोर्टात काय बोलणार?”

बाबा हे आतल्या खोलीत म्हणाले. मी बाहेर व्हरांड्यात सँडलचा पट्टा सोडवत होते, आणि ते ऐकू आल्यावर आणखी सावकाश सोडवू लागले. जयपूरमध्ये पाणीपुरीला पताशी म्हणतात. बाबांचं म्हणणं खरंच होतं. मी कित्येक वर्षं तिखट पताशी खाऊन डोळे पुसत आले होते.

“एक मिनिट, भाऊजी. सावकाश सांगा,” आतून एका बाईचा आवाज आला.

मी आत गेले तेव्हा एक ठेंगणी बाई आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि मांडीवरच्या वहीत पेन्सिलीने भराभर रेघोट्या ओढत होती. रेघोट्या संपल्या तशा तिने त्या वाचून दाखवल्या. “‘माझ्या मुलीला पताशीवाल्याला तिखट कमी सांगता येत नाही, सबब ती कोर्टात बोलू शकणार नाही.’ असंच म्हणाले न तुम्ही? बरोबर आहे?”

बाबा रेल्वेच्या सिग्नल विभागात आहेत. तिथे त्यांचं बोलणं कोणी त्यांनाच परत ऐकवत नाही. ते गडबडले. “म्हणजे अगदी तसं नाही, वहिनी. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो.”

“मग कसं? दुरुस्ती सांगा. मी लिहून घेते न.”

बाबांनी दुरुस्ती सांगितली नाही. “तुम्हीच बघा हिचं काय होतंय ते,” असं म्हणून त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली. जाताना माझ्याकडे पाहून थोडं हसले, तेही जरा ओशाळून. या बाईंकडची, म्हणजे काकूंकडची, माझी शिकवणी अशी सुरू झाली.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा, असं मी ठरवलं होतं, पण ते फक्त आईला माहीत होतं, आणि तिलाही मी मेसेज करून सांगितलं होतं, ती शेजारच्या खोलीत असताना. बाबांना वाटत होतं मी बँकेची परीक्षा द्यावी. त्यात वाईट काही नव्हतं. काचेमागे बसायचं, समोरचा बोलेल ते ऐकायचं, हे मला जमलं असतं.

आधी मी गोपालपुऱ्याच्या एका कोचिंग क्लासला गेले होते, वैशाली नगरहून दोन बस बदलून. दोनशे मुलं, आणि सर प्रश्न विचारून माइक मुलांमधून फिरवायचे. नवव्या दिवशी ते म्हणाले, “हाँ, वो पिंक दुपट्टा, खड़े होकर बताइए.” मी उभी राहिले. माइकमधून माझ्या श्वासाचा आवाज सगळ्या हॉलभर ऐकू आला, आणि दुसरं काही आलं नाही. दहाव्या दिवशी मी गेले नाही. तेव्हा आईला जवाहर नगरच्या या काकू आठवल्या. काकूंचे यजमान रेल्वेत गार्ड होते. बाबांची बदली जयपूरला झाली तेव्हा आमचं पहिलं जेवण त्यांच्याकडे झालं होतं, मी तेव्हा फार लहान होते. यजमान वारले, मूलबाळ नव्हतं, काकू एकट्याच राहत होत्या. आई म्हणाली, “त्यांना परीक्षेचं काय येतं मला माहीत नाही. पण त्यांच्यासमोर माणूस बोलतो.”

समोर नाही, मागे. काकू बोलणाऱ्याकडे कधीच तोंड करून बसत नसत. तीस वर्षं त्या कोर्टात हिंदी स्टेनोग्राफर होत्या, आणि कोर्टात स्टेनो न्यायाधीशाच्या खाली, कडेला, खाली मान घालून बसतो. “माणसाचं तोंड पाहिलं का कान बंद होतात, पोरी,” त्या म्हणायच्या. त्यामुळे मी पहिले कित्येक दिवस त्यांच्या अंबाड्याशी बोलले. अंबाड्यात एक काळी पिन तिरकी खोचलेली असे आणि मानेवर एक तीळ होता. मला आजही त्यांचा चेहरा आठवायला एक क्षण लागतो, पण ती पिन लगेच आठवते. मला वाटतं, माझ्याकडे न पाहता माझं पूर्ण ऐकणारं ते पहिलं माणूस.

त्यांची पद्धत ही कोर्टातलीच होती. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो, साहेब, म्हणजे न्यायाधीश, त्याचं नीटनेटकं वाक्य करून सांगतात, स्टेनो ते टाइप करते. शेवटी सगळा जबाब साक्षीदाराला वाचून दाखवायचा असतो, त्याने बरोबर म्हटलं की खाली एक ओळ येते, ‘पढ़कर सुनाया, सुनकर सही माना’, आणि मग सही किंवा अंगठा. काकू निवृत्त झाल्या, पण ही ओळ निवृत्त झाली नाही. त्या सगळ्यांना सगळं वाचून दाखवत. भाजीच्या गाडीवाल्याला म्हणत, “भैया, आपने कहा पालक आज सुबह की है। सही है?” तो म्हणे, “सही है बाईजी, दस्तखत किधर करूँ?” डॉक्टरांनी सांगितलेली औषधं त्यांनी त्यांच्याच केबिनमध्ये त्यांना वाचून दाखवली, तेव्हा डॉक्टरांनीच कपाळावर हात मारून दोनच्या जागी तीन वेळा असं केलं. गॅसवाला मात्र त्यांच्या दाराशी सिलिंडर ठेवून पळून जाई.

एकदा वरच्या मजल्यावरचे शर्माजी गाडी लावण्यावरून भांडायला आले. मी आत पुस्तक घेऊन बसले होते. काकूंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाठ फिरवली आणि पेन्सिल उचलली. शर्माजींनी पंधरा मिनिटं आवाज चढवला. मग काकूंनी शांतपणे वाचायला सुरुवात केली, “‘मैं बाईस साल से इस मकान में रहता हूँ। मेरे लड़के का फोन दो महीने से नहीं आया। गाड़ी जहाँ चाहूँगा वहाँ लगाऊँगा।’ सही है?”

शर्माजींनी वहीकडे पाहिलं. “लड़के वाली बात मैंने कही?”

“कही। गाड़ी से पहले कही।”

“वो काट दीजिए, बाईजी,” शर्माजी म्हणाले, आणि मग बसले, आणि काकूंनी चहा ठेवला. गाडीचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही.

चहावरून आठवलं. मला त्यांच्याकडे रोज बिनसाखरेचा चहा मिळायचा. मला वाटायचं, त्यांना मधुमेह असेल. तीन आठवडे मी तो कडू चहा तोंड वाकडं न करता प्यायले. मग एक दिवस शर्माजींच्या कपात त्या दोन चमचे साखर घालताना मला दिसल्या. त्यांनीही पाहिलं की मी पाहते आहे. कप माझ्यासमोर ठेवला आणि पाठ करून बसल्या. मी त्या पाठीकडे किती वेळ पाहत राहिले असेन! शेवटी म्हणाले, “काकू, साखर.”

“किती?”

“दीड.”

“मग इतके दिवस काहून नाही सांगितली वं? मी का तुह्या मनात बसून रायली?” आणि इतक्या जोरात हसल्या की मलाही हसू आलं. चाळीस वर्षं राजस्थानात काढून त्यांची अकोल्याची बोली जशीच्या तशी होती. माझी मराठी मात्र आईच्या फोनवरच्या आणि घरातल्या बोलण्यातून आलेली, मध्ये मध्ये ‘मतलब’ आणि ‘बेसिकली’ घातलेली. काकूंना ‘मतलब’ चालायचा. ‘बेसिकली’ आला की त्या पेन्सिल खाली ठेवत.

परीक्षेचं त्यांना खरंच फारसं माहीत नव्हतं. कायद्याच्या प्रवेश परीक्षेत छोटे छोटे प्रसंग देतात. अ ने ब ला घोडा विकला, घोडा आंधळा निघाला, अ जबाबदार आहे का? मी प्रश्न वाचला की त्यांचा पहिला प्रश्न असे, “ह्या अ चं नाव काय?”

“काकू, नाव नसतं. नुसता अ.”

“नाव नाही मंग माणूस कसा? रामगोपाल म्हण त्याले.”

मग रामगोपालने बन्सीलालला घोडा विकला. मग काकू विचारायच्या, “बन्सीलालनं पाहिलं नाही का घोड्याकडे?” आणि “घोडा रामगोपालनं कोणाकडून घेतला होता?” पर्यायांपैकी उत्तर निवडायचं असतं, हे मी दहा वेळा सांगितलं. त्या म्हणत, “निवड न तू. मी कुठं अडवून रायली? मी फक्त इचारून रायली.” वीस प्रश्नांना आम्हाला दोन तास लागायचे. आणि तरी माझे मार्क वाढत गेले, कारण रामगोपाल आणि बन्सीलाल माझ्या डोळ्यांसमोर उभे राहायचे आणि मी त्यांची बाजू मोठ्याने मांडायचे, त्या अंबाड्याला. मी बोलेन तेवढंच त्या लिहीत. गप्प बसले की तेही लिहीत. पहिल्या आठवड्यातला एक कागद माझ्याकडे आहे. त्यावर सात ओळी आहेत, आणि त्यातल्या चार ओळींवर एवढंच आहे, ‘साक्षी चुप रही’, म्हणजे साक्षीदार गप्प राहिली.

लिहीत नसल्या तरी त्यांचं बोट चालू असे. उजव्या हाताची तर्जनी लुगड्याच्या निरीवर, टेबलाच्या कडेवर, कुठेही, ऐकू येणारं सगळं शॉर्टहँडमध्ये काढत राही. गणपतीत आमच्याकडे आरती चालू असतानाही ते बोट थांबलं नव्हतं. बाबा नंतर म्हणाले, “वहिनींनी बाप्पालासुद्धा जबाब वाचून दाखवला असता.”

त्या अशा का होत्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मे महिना, दुपार, कूलरमध्ये नुकतंच पाणी भरलेलं. त्या दिवशीही त्या पाठ करूनच बसल्या होत्या, आणि मला वाटतं, त्या दिवशी ती सोय त्यांच्यासाठी होती.

त्यांची पहिली नेमणूक एका लहान गावच्या कोर्टात होती. एका विधवा बाईची साक्ष चालली होती. दिरांनी घरात घुसून तिला बाहेर काढलं, असं तिचं म्हणणं. ती म्हणाली, दरवाज़ा मैंने नहीं खोला. साहेबांना जेवायला उठायचं होतं. त्यांनी सांगितलं, लिखिए, दरवाज़ा खुला था. काकूंनी नीट ऐकलं होतं. त्यांनी मान वर करून पाहिलं, साहेब घड्याळाकडे पाहत होते. काकूंनी लिहिलं, दरवाज़ा खुला था.

“मंग वाचून दाखवायची वेळ आली,” काकू म्हणाल्या. “मी वाचलं, पोरी. पण कसं वाचलं? एक्सप्रेस गाडी लहान टेसनावरून जाते न, तसं वाचलं. बाईनं मान हलवली. तिले का समजलं? काही नाही. माह्याकडे पाहून मान हलवली, का ही बाईमाणूस आहे, ही बरोबरच लिहीन.”

“मग काय झालं, काकू?”

“अंगठा झाला.”

“नाही, निकाल?”

“निकाल मी इचारला नाही. माही बदली झाली तवा बरं वाटलं मले.”

त्यानंतर त्यांनी एकाही माणसाला भराभर वाचून दाखवलं नाही. साहेब लोक चिडायचे, वकील घड्याळं दाखवायचे, त्यांचं नाव पडलं ‘पैसेंजर’. त्या वर्षी त्यांनी संध्याकाळच्या कायद्याच्या कॉलेजचा अर्जही आणला होता. वकील झालं तर साहेबांना अडवता येतं, असं त्यांच्या मनात आलं होतं. यजमानांची गाडी दुसऱ्या विभागात गेली, घर हललं, अर्ज राहिला. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि चहा ठेवायला उठल्या.

आता जवाहर नगरातल्या त्या घरात मुलांचं पीजी आहे. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, याच शहरात, हॉस्टेलवर. आईबाबा भुसावळला बदलून गेले. कधी त्या गल्लीतून जायची वेळ आली तर मी रिक्षावाल्याला सांगते, भैया, अंदर से ले लो, आणि मग उगाच मोबाइलमध्ये पाहते. व्हरांड्यात आता टॉवेल वाळत असतात. काकूंचा जुना टाइपरायटर बहुतेक भंगारात गेला असेल.

काकूंना त्यांचा भाचा अकोल्याला घेऊन गेला. कान गेले आहेत त्यांचे. ऐकण्याचं यंत्र आणलंय, पण त्या ते लावत नाहीत, त्यात सगळे आवाज सारखेच मोठे येतात म्हणे. मी महिन्यातून एकदा फोन करते. भाचा फोन त्यांच्या कानाला लावतो आणि मी ओरडून सांगते, काकू, इंटर्नशिप मिळाली, काकू, काल पहिल्यांदा कोर्टात फाइल घेऊन उभी राहिले. “हाव, हाव,” काकू म्हणतात. मी विचारते, जेवलात का? “हाव.” तब्येत कशी आहे? “हाव, हाव, पोरी.” ज्या बाईने मला कधी नुसती मान हलवू दिली नाही, ती आता सगळ्यालाच हो म्हणते. भाचा म्हणतो, खूश आहे मावशी, बोट मात्र दिवसभर चालू असतं. तेव्हा मला वाटतं, काय लिहीत असतील? ऐकू तर काही येत नाही. मग आतलंच काहीतरी असेल, जुनं, आणि ते वाचून दाखवायला समोर कोणी नाही. अशा फोननंतर मी चहा घेते आणि त्यात साखर घालायला विसरते. म्हणजे विसरते असं नाही.

काकूंकडे जात होते त्या वर्षी मी प्रवेश परीक्षा पास झाले. बाबांनी निकाल पाहिला, “छान,” म्हणाले, आणि बँकेच्या परीक्षेची तारीख सांगितली. कॉलेजच्या अर्जात एक पान होतं, तुम्हाला कायदा का शिकायचा आहे ते लिहा, त्यावरच मुलाखत होईल. अर्ज सोमवारी संध्याकाळपर्यंत भरायचा होता, आणि बाबांच्या सहीशिवाय तो जाणार नव्हता.

मी काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, “आधी बोल. मंग तुह्या इंग्रजीत कर.” आणि वहीऐवजी टाइपरायटरसमोर बसल्या, कारण हा पक्का जबाब होता.

मी म्हणाले, “मला कायदा शिकायचाय, कारण...” आणि थांबले. रामगोपालची बाजू मी अर्धा तास मांडू शकत होते. पण हे मांडायचं म्हणजे कोणाची तरी नव्हे, माझीच बाजू मांडायची होती. मी पुन्हा म्हणाले, “मला... मतलब... मला असं वाटतं की...” आणि गप्प झाले. मग टाइपरायटर वाजू लागला. मला वाटलं, माझं गप्प बसणंच लिहीत असतील. पण तो वाजतच राहिला. ओळ संपल्याची घंटी, पुढची ओळ, पुन्हा घंटी. मी त्या पाठीकडे पाहत होते. ती थोडी पुढे वाकली होती, आणि पिन सुटून खांद्यावर आली होती.

पान भरल्यावर काकूंनी वाचून दाखवलं. ‘मी एका बाईला कोर्टात पाहिलं. ती जे बोलली ते लिहिलं गेलं नाही. तिथे मी होते आणि मी बोलले नाही. यापुढे कोणाच्या तोंडचा शब्द कोणी बदलला तर उठून उभं राहणारं माणूस मला व्हायचं आहे.’ आणखी बरंच होतं. सुंदर होतं. सावकाश, एक एक शब्द सुटा करून वाचलं त्यांनी.

“बरोबर आहे?”

मी मान हलवली. त्यांना दिसलं नाही, त्या थांबून राहिल्या. मग मी “हो” म्हणाले आणि सही केली. हे माझं बोलणं नाही, हे त्यांना कसं कळलं नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. माझ्या तोंडून एक वाक्यही पूर्ण गेलं नव्हतं. मला वाटतं, ती बाई आणि ते दार इतकी वर्षं त्यांच्या बोटात होतं, आणि त्या दिवशी खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

घरी येऊन मी ते इंग्रजीत केलं. माझं इंग्रजी चांगलं आहे. ते आणखी सुंदर झालं. मूळ मराठी काकूंनी टाइप केलंय, एवढं सांगून सहीसाठी बाबांसमोर ठेवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून म्हणाले, “हे तू कधी पाहिलंस?”

मी काही बोलले नाही. मी बोलत नाही याची बाबांना सवय आहे. त्यांना वाटलं, आत काहीतरी खोल आहे. “मला माहीत नव्हतं गं,” ते म्हणाले. “सही उद्या करतो. आधी वहिनींकडे जाऊन येऊ. त्यांचा आशीर्वाद घे, मग सही.”

रात्रभर मी मुलाखतीचा विचार केला. ते विचारतील, कुठलं कोर्ट? तुम्ही किती वर्षांच्या होतात? बाई काय म्हणाली होती? मी सगळी उत्तरं देऊ शकले असते, घोड्याच्या प्रश्नासारखी. तेच मला भयंकर वाटत होतं. आणि खरं सांगितलं तर बाबांची सही जाणार होती, बँकेची तारीख परत येणार होती, आणि काकूंनी आयुष्यात एकदाच स्वतःचं लिहिलेलं पान मी फाडल्यासारखं होणार होतं.

सोमवारी दुपारी बाबांनी आमच्या कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातून मावा कचोरी घेतली आणि मला काकूंकडे घेऊन गेले. काकूंनी नवी साडी नेसली होती. बाबांनी अर्ज टेबलावर ठेवला, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही जादू केली. हिने लिहिलेलं मी वाचलं. मला जरा मूळचं, मराठीतलं ऐकायचंय.”

काकूंनी पान आणलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्ची वळवून आमच्याकडे तोंड करून बसल्या. त्यांचा चेहरा किती लहान होता! त्यांनी वाचायला सुरुवात केली. ‘तिथे मी होते आणि मी बोलले नाही’ हे त्यांनी आणखी सावकाश वाचलं. बाबांनी मान खाली घातली, त्यांना वाटलं हे शब्द माझे आहेत. काकू शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या, पान मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहून, सवयीने, पण किती आनंदाने, विचारलं, “बरोबर आहे न, पोरी?”

बाबांच्या पेनचं टोपण निघालेलं होतं. माझ्या कानात माझाच श्वास मोठ्याने वाजत होता. मला ‘हो’ म्हणायला अर्धा सेकंद पुरला असता, आणि त्या दोघांचे चेहरे तसेच राहिले असते.

मी म्हणाले, “नाही, काकू. हे मी बोलले नाही, हे तुमचं आहे. बाबा, मी ती बाई कधी पाहिलेली नाही. कायदा का शिकायचा ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण मला शिकायचाय, बँकेत नाही जायचं. काकू, एवढंच लिहा.”